मामांची भांडी आणि कुस्तीचा कागद

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तुझ्या भाचीनं नवीन खूळ काढलंय. कुस्ती खेळायची म्हणते. तूच समजाव तिला." भाची आठवीत आहे. शाळेतल्या सरांनी तिचं नाव तालुक्याच्या शालेय कुस्ती स्पर्धेसाठी काढलं होतं. फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि घरात कुणी सही करायला तयार नव्हतं.

मी चळवळीतला माणूस. दुसऱ्याच्या पोरांना सल्ला द्यायची सवय जडलेली. विचार न करता बोलून गेलो, "आधी दहावी होऊ दे म्हणावं, मग बघू." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे वाक्य माझं नव्हतंच. ते आईचं होतं. आमच्या घरात आई कुस्तीचं नाव काढू देत नसे. त्याला कारण तिचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे मामा.

मामा मुक्ताईनगर तालुक्यातले. त्यांच्या वयाची माणसं अजून एदलाबादच म्हणतात. मामा आज सत्तरीच्या पुढे आहेत. दोन्ही कान मोडून गड्ड्यासारखे झालेले, गुडघे गेलेले, पण बाजेवरून उठताना अजून आधी मांडीवर थाप मारतात. १९७० च्या आसपास त्यांनी लंगोट बांधला तो बाराएक वर्षं सोडला नाही. पैलवानी हा त्यांचा छंद नव्हता, धंदा होता. हिवाळा सरला की यात्रा सुरू होतात. आमच्याकडे माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते, आणि मग चैत्र उतरेपर्यंत कुठं ना कुठं इनामी कुस्त्यांची दंगल असतेच. मामा सायकलवर, कधी ट्रकच्या टपावर बसून रावेर, बोदवड, मलकापूर असे फिरायचे. त्या तीन महिन्यांत मिळेल ते खरं. बाकीचे नऊ महिने शेतमजुरी.

मित्रांनो, दंगलीत कुस्ती कशी ठरते हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं. तिथं वजनकाटा नसतो, लॉट नसतात. पैलवान आखाड्यात उतरतो आणि हात वर करून गोल फिरतो. ज्याला लढायचंय तो समोर येऊन हात मिळवतो. हात मिळाला की जोड लागली. मग पंच आकडा पुकारतात, डफ वाजतो, माती लावली जाते.

आता विचार करा. कुस्ती म्हणजे नुसता स्पर्श. घाम घामाला लागतो, तोंड दुसऱ्याच्या छातीत दबलेलं असतं. ज्या समाजानं आपल्या बापजाद्यांच्या सावलीचा विटाळ मानला, पाण्याला हात लावला म्हणून महाडला १९२७ साली डोकी फोडली, त्या समाजाच्या मधोमध हा खेळ शेकडो वर्षं चालला. मग त्यानं हा स्पर्श कसा सांभाळला? उत्तर सोपं आहे. कुस्ती सुरू झाल्यावर कुणी जात काढत नाही, काढूच शकत नाही. जात निघते ती त्याच्या आधी, जोड लावताना.

मामा सांगतात, एका गावच्या यात्रेत ते तीन फेऱ्या फिरले. वजनात बसणारे दोन पैलवान समोर बसलेले. एक उठायला लागला तर त्याच्या वस्तादानं लंगोटाला धरून खाली बसवलं. मामांनी पंचांना विचारलं तर पंच म्हणाले, "भो, तुह्या जोडीचा कोनी नाही." बस. शिवी नाही, हाकलून देणं नाही. त्यातला हिशेब मामांना नंतर एका जाणत्या माणसानं समजावला. तुझ्याशी लढून तो हरला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, आणि जिंकला तर त्याला मोठेपणा काय? म्हणजे तुझ्याशी लढण्यात त्याला दोन्हीकडून तोटाच. माझ्या मते अस्पृश्यतेचं याहून नेमकं गणित कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. ॲट्रॉसिटीच्या कलमात हे बसवून दाखवा.

त्याच आखाड्यात डफ वाजवणारा मातंग वस्तीतला होता. त्याच्या डफाशिवाय एकही कुस्ती लागत नव्हती. म्हणजे आपली माणसं आखाड्यात चालत नव्हती असं नाही. नेमून दिलेल्या जागी चालत होती. जातीनं कामं नाही, काम करणारी माणसंच वाटून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या भाषणात मांडलं. ते समजून घ्यायचं असेल तर एखादी दंगल बघून या. कोण वाजवतंय, कोण खेळतंय, आणि फेटा बांधून खुर्चीवर कोण बसलंय.

मामांना जोड मिळायची ती सरहद्दीपलीकडे. मुक्ताईनगरहून बुऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागलं की इच्छापूरपासून मध्य प्रदेश सुरू होतो. तिकडचे मुसलमान पैलवान मामांशी खुशाल हात मिळवायचे. ढाक मामा तिथंच शिकले, एका म्हाताऱ्या उस्तादाकडून. त्या बदल्यात मामा त्याच्या म्हशींना चारा घालायचे. उगीच गोडवे गात नाही, त्यांच्यातही बिरादऱ्या आहेत आणि उच्चनीच आहे. पण मामांच्या वाट्याला जे आलं ते असं आलं.

आणखी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण आजही आपली पोरं या प्रश्नावर अडतात. आपल्याकडच्या बहुतेक तालमींत हनुमानाची मूर्ती असते, आणि तिला हात जोडल्याशिवाय मातीत उतरायचं नाही असा रिवाज असतो. मामांच्या वडिलांनी छप्पन्नच्या धर्मांतरानंतर घरातले देव नदीला दिलेले. बावीस प्रतिज्ञा घरात पाठ. मामांनी एक मार्ग काढला. ते वाकून फक्त मातीला हात लावायचे, कपाळाला लावायचे आणि उठायचे. बुऱ्हाणपूरचे पैलवानही मातीलाच सलाम करायचे, त्यामुळे तिथं कुणाला काही वाटलं नाही. इकडे एका तालमीत वाटलं, आणि मामांना दुसऱ्या दिवसापासून यायची गरज नाही असं सांगण्यात आलं. मामा भांडले नाहीत. तापीच्या काठी गाळाची माती खणून वस्तीतल्या चार पोरांना घेऊन त्यांनी स्वतःचा आखाडा केला. पहिल्याच पावसाळ्यात तो वाहून गेला.

आता खुराकाचं. पैलवान जोर-बैठकांनी तयार होतो असं लोकांना वाटतं. पैलवान दुधानं, तुपानं, बदामानं तयार होतो. जोर-बैठका नुसतं शरीर मोडतात, बांधतो तो खुराक. आणि खुराक येतो गोठ्यातून, गोठा चाऱ्यावर आणि चारा जमिनीवर. ज्याच्या घरी जमीन नाही त्याच्या अंगाला कुस्ती लागणारच कशी? ७२ च्या दुष्काळात मामा दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, मिलो ज्वारीची भाकर आणि सुकडी खायचे आणि संध्याकाळी पाचशे बैठका मारायचे. त्या वर्षी त्यांचं वजन अकरा किलोनं उतरलं. ऐन विशीतलं हे वर्ष. ते वजन पुन्हा पुरतं कधी भरलं नाही, असं ते स्वतः सांगतात.

कोल्हापूर कुस्तीची पंढरी का झालं, याचंही उत्तर मातीत नाही, खुराकात आहे. शाहू महाराजांनी मल्लांना संस्थानातून पोसलं, १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं. हेच शाहू महाराज १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असं जाहीर सांगितलं. आपण त्यांना आरक्षणाचे जनक म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण मैदान आणि आरक्षण या दोन गोष्टी एकाच डोक्यातून निघाल्या याकडे आपलं लक्ष जात नाही. गुण अंगात असतो, पण त्याला पोसावं लागतं, आणि ज्याच्या घरी पोसायची ऐपत नाही त्याच्यासाठी ते राज्यानं करावं, हाच विचार दोन्हीकडे आहे. संस्थानं गेल्यावर पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिलं. आमच्याकडे केळी आहे. केळीच्या पैशानं यात्रेची दंगल होते, पैलवान पोसला जात नाही.

खान्देशातला पैलवान मोठा होतच नाही असं मात्र नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी शेतकरी घरातला. पुण्यात जाऊन राहिला, घाम गाळला आणि २०१४, २०१५, २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. तिसरी गदा पुण्यात वारज्याला अभिजित कटकेला हरवून घेतली. त्याच्या आधी ही हॅटट्रिक एकट्या नरसिंग यादवनं केलेली. सरकारनं विजयला पोलीस उपअधीक्षक केलं. वर्दी चढल्यावरही तो थांबला नाही, २०२३ साली कॅनडात विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक घेतलं. आमच्या जळगाव जिल्ह्याचं नाव त्यानं काढलं, त्याबद्दल अभिमानच आहे.

पण मला त्याच्या कारकिर्दीतली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती गदा नाही, ती नेमणूक. पैलवानाचं शरीर दहा-बारा वर्षं साथ देतं. पुढची चाळीस वर्षं काय खायचं? याचं उत्तर नोकरी. पोलीस, रेल्वे, सैन्य. खाशाबा जाधवांचंच बघा. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिथवर पोचायला गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पोट कशावर भरलं? १९५५ साली मिळालेल्या फौजदारकीवर. १९८४ साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मेल्यावर मिळाला. ऑलिम्पिकवीराची ही गत, तर एदलाबादच्या पैलवानाची काय असणार?

नोकरीला लागतो कागद. इथं मामांची खरी कुस्ती हरली.

दंगलीत बक्षीस म्हणून भांडी मिळायची. मोठ्या जोडीला रोख, मधल्यांना भांडी. पितळी गुंड, कळशी, परात, गंज. नंतर नंतर स्टीलची ताटं आली. त्यावर मशीननं गावाचं नाव, 'कुस्त्यांची दंगल' आणि साल कोरलेलं असायचं. आईच्या लग्नात आजोबांना एक भांडं विकत घ्यावं लागलं नाही. आईचा सगळा संसार मामांच्या कुस्त्यांवर मांडला गेला. आमच्या घरी कणीक ज्या परातीत मळली जायची तिच्या काठावर १९७६ असं कोरलेलं होतं. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच परातीवर साल असतं.

तर १९८० च्या सुमारास एका भरतीला मामा गेले. उंची-छाती झाली, धावणं झालं. खेळाडू म्हणून काही सवलत आहे का विचारलं, तर टेबलामागच्या बाबूनं स्पर्धेची प्रमाणपत्रं मागितली. मामांनी दंगलींची नावं सांगितली. बाबू म्हणाला, दंगल चालत नाही, संघटनेच्या मान्यताप्राप्त स्पर्धेचा कागद दाखवा. त्या बाबूला मी दोष देत नाही. नियम तोच होता. पण दीडशेच्या वर कुस्त्या जिंकलेल्या माणसाकडे दाखवायला होती ती फक्त भांडी, आणि तीही बहिणीच्या घरी. वस्तादानं कधी सांगितलं नव्हतं की जिल्ह्याची निवड चाचणी कुठं होते, नोंदणी कशी करतात. ज्यांना माहीत होतं ते आपल्या पोरांना घेऊन जात होते.

त्यानंतर मामांनी तीस वर्षं केळीचे घड वाहिले. बागेतून रस्त्यावर, रस्त्यावरून ट्रकमध्ये. पैलवानाचे खांदे म्हणून मुकादम त्यांना आधी बोलवायचा. आईला याचाच राग होता. कुस्तीवर नाही, पण राग काढायला कुस्तीच सापडली. म्हणून आम्ही शिकलो, मी नोकरीला लागलो, आणि आमच्या घरात खेळ म्हणजे वाया जाणं असं पक्कं ठरलं.

चळवळीतल्या मित्रांशी हे बोललो तर दोन प्रकारची उत्तरं आली. एक म्हणाला, कुस्ती हा सरंजामी खेळ, पुढाऱ्यांच्या दंगली, फेटे आणि गदा, आपल्याला काय करायचंय? दुसरा म्हणाला, बाबासाहेबांनी शिका म्हटलंय, कुस्त्या करा म्हटलेलं नाही. दोघांनाही मी एकच विचारतो. ज्या क्षेत्रात आपल्याला जोड दिली गेली नाही ते क्षेत्र आपल्याला नकोच होतं, असं म्हणणं ही हरलेल्याची समजूत नाही का? आणि शिका म्हणजे फक्त वर्गात बसा, असा अर्थ कुणी लावला? समता सैनिक दलाच्या कवायती काय होत्या? मामा मातीत कमी पडले नाहीत. ते कागदात कमी पडले. कागद कुठून मिळतो, कुठल्या टेबलावर दाखवायचा, हे शिकणं बाबासाहेबांच्या 'शिका'मध्ये येत नसेल तर मग त्यात येतं तरी काय?

महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे ते अनुसूचित जातीच्या जागांमध्येही लागतं. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? आपण जातीच्या दाखल्याची पडताळणी झोपेत सांगू शकतो. खेळाच्या प्रमाणपत्राचीही पडताळणी असते, ती क्रीडा उपसंचालकांकडे होते, हे आपल्यातले किती जण पोरांना सांगतात? जयंतीला डीजेवर एका रात्रीत जो पैसा जातो त्यात वस्तीत एक कुस्तीची मॅट येईल का, हा हिशेब मी दोन मंडळांना मांडून दाखवला. एकानं ऐकून घेतलं. दुसऱ्यानं पुढच्या बैठकीला बोलावलं नाही.

बहिणीची भीती मात्र वेगळी होती, आणि ती मी हसण्यावारी नेली नाही. तिनं २०२३ साली टीव्हीवर जंतरमंतर पाहिलेलं. महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप करत देशाला पदकं देणाऱ्या मुली रस्त्यावर बसल्या होत्या, आणि पोलिसांनी त्यांना फरफटत उचललं. "त्या एवढ्या मोठ्या, त्यांची ही दशा. आपली पोरगी कोणाच्या भरवशावर पाठवू?" यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. सरांना भेटलो. सराव सगळ्यांसमोर होतो का, बाहेरगावी नेताना सोबत बाई असतात का, तक्रार कुणाकडे करायची, सगळं विचारलं. सर थोडे नाराज झाले, पण त्यांनी सांगितलं. त्याच २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, हेही मी बहिणीला सांगितलं. आमच्या तालुक्याचं नावच एका मुलीवरून पडलंय. चौदाशे वर्षांचा म्हणवणारा चांगदेव जिच्यापुढे शिष्य होऊन बसला अशी कथा ज्या गावात सांगतात, तिथल्या पोरीनं लंगडीच खेळावी असं म्हणणं विनोदी आहे. (२०२४ पासून केंद्रातलं क्रीडा राज्यमंत्रिपदही आमच्याच तालुक्याकडे आहे. भाचीचा सराव अजून जुन्या गाद्यांवर चादर टाकून होतो, ती गोष्ट वेगळी.)

शेवटी भाचीला मामांकडे घेऊन गेलो. मला वाटलं मामा नको म्हणतील. त्यांनी तिचे हात हातात घेऊन मनगटं दाबून पाहिली, उभं राहायला सांगितलं, मागून मानेवर हात ठेवून जोरात दाबलं. ती वाकली नाही. "पाय ऐकतात हिचे," एवढंच म्हणाले. मग मला विचारलं, "कागद देतात का रे त्या स्पर्धेत?" देतात म्हटलं. "मग जाऊ दे."

सही मीच केली, बहिणीच्या परवानगीनं.

३९ किलो गटात भाची पहिली कुस्ती सहज जिंकली, दुसरी हरता हरता जिंकली आणि तालुक्यात पहिली आली. दंगलीसारखं फिरावं लागलं नाही. काट्यावर वजन झालं, लॉट निघाला, समोर जी आली तिच्याशी लढली. समोरचीला मागं ओढायला कुणी वस्ताद नव्हता, आणि असता तरी ती कुस्ती भाचीच्याच नावावर लागली असती. मामांना हे मी सविस्तर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लॉट म्हणजे काय ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

प्रमाणपत्र हातात आलं तर त्यावर आडनाव चुकलेलं. एक वेलांटी जास्त आणि जन्मसाल एकानं पुढे. बहीण म्हणाली, असू दे, पोरीचा खेळ झाला ना. मी म्हटलं, नाही. तालुक्याच्या कागदानं नोकरी मिळत नाही, पण तालुक्याशिवाय जिल्हा नाही, जिल्ह्याशिवाय विभाग नाही, विभागाशिवाय राज्य नाही, आणि पुढं कधी पडताळणीला फाईल गेली तर ती नेमकी या वेलांटीवर अडेल. जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाईड घेऊन तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला मामाही काठी टेकत सोबत आले, गरज नसताना.

दुरुस्त प्रमाणपत्र परवा मिळालं. जिल्ह्याची स्पर्धा पुढच्या आठवड्यात जळगावला आहे.